दोऱ्याने बांधलेलं तवसं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही: गेल्या हिवाळ्यात दोहातल्या आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांनी 'अस्सल कोकणातलं' म्हणून जे तवसं बोटं चाटत खाल्लं, ते मूळचं केरळचं होतं. ज्या फळाच्या बियांपासून ते आलं, ते फळ आमच्या वेलाला लागलेलं नव्हतं. ते मी दोऱ्याने बांधलं होतं.

तवसं म्हणजे आमच्याकडे पावसाळ्यात वेलावर येणारी जाडजूड, हातभर लांब काकडी. कोवळी असताना कोशिंबीर करायची, पिकून पिवळी झाली की किसून, गूळ आणि तांदळाचा रवा घालून तवसोळी भाजायची. कोकणाबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. माझी बायको अनघा पुण्याची. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही तिच्या मते जगात दोनच जातींच्या काकड्या आहेत, कडू आणि बिनकडू.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ती सांगायला जास्त लाज वाटेल. मी व्यवसायाने सेफ्टी मॅनेजर आहे. रोज सकाळी साइटवर हेल्मेट घातलेल्या माणसांपुढे उभा राहून मी सांगतो, "अपघात झाला तर लपवू नका. होता होता राहिला, तरी येऊन सांगा. लपवलेला अपघात परत होतो." मी मुळात अबोल माणूस. दिवसभरात जे काही बोलतो ते बहुतेक एवढंच.

तर वहिनी. माझी आई मी लहान असताना गेली आणि मोठ्या भावाची बायको म्हणून घरात आलेल्या वहिनीने मला वाढवलं. मी तिच्याशी पुस्तकी मराठीत बोलतो, ती माझ्याशी मालवणीत, आणि पन्नाशी उलटली तरी मला 'बाबल्या' म्हणते. (साइटवर हे कुणाला माहीत नाही.) भाऊ गेल्यावर तिने गावचं घर बंद केलं आणि मालवणला लेकीकडे राहायला गेली. थंडीत मात्र ती आमच्याकडे दोहाला येते.

वहिनीची जीभ आमच्या पंचक्रोशीत प्रसिद्ध. लग्नाच्या मांडवात आचारी आमटीचा डाव घेऊन आधी तिच्याकडे यायचा. ती तळहातावर थेंबभर घ्यायची, चाटायची, डोळे मिटायची. सगळा मांडव तिच्या पापण्यांकडे बघत उभा!

"कोकम चार पाकळ्ये घाल. आणि खोबरा कालचा आसा, तेका मी काय करू?"

आचारी मान खाली घालून परत जायचा. खोबरं कालचंच असायचं. वहिनी शिकली चार यत्ता, दागिने म्हणाल तर एक मंगळसूत्र. बाईची सगळी मिजास काय ती त्या जिभेवर. हे लक्षात ठेवा, कारण मी मोडली ती तीच.

आम्ही फरीज बिन ओमरानमध्ये एका जुन्या व्हिलाच्या तळमजल्यावर राहतो. वरच्या मजल्यावर लीलाम्मा, बँकेत नोकरीला असलेली मल्याळी बाई. आमच्या वाट्याला एक चिंचोळं अंगण आहे. त्यात आधी फक्त खडी, एसीचं ठिबकणारं पाणी आणि मालकाची मोडकी खुर्ची होती. वहिनी पहिल्यांदा आली त्याच आठवड्यात तिने खुर्ची भिंतीला लावली, मला मातीच्या गोण्या आणायला पिटाळलं आणि लाल माठ, मुळा, वाल, अळू असं सगळं लावून टाकलं. वाळवंटात भाजीचा हंगाम थंडीत असतो, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. बाहेर उभी राहिली, वारा हुंगला आणि म्हणाली, "हयसर श्रावण उशिरा येता, एवढाच."

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम झाला. दुपारी जे पानात पडेल ते सकाळी अंगणात उभं असलं पाहिजे. ऑफिसातल्या लोकांना मी हे जरा जास्तच वेळा ऐकवत असे.

आणि तवसं. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात वहिनी येताना पदराच्या गाठीत घरच्या परड्यातलं बी घेऊन आली होती. परडं म्हणजे घरामागची बाग. तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं बी. घर बंद झालं, परड्यात आता चुलतभावाची जीप उभी असते, तेव्हा जे काही उरलं होतं ते त्या गाठीत होतं. खाऱ्या मातीत बहुतेक बिया कुजल्या. एकच वेल धरला, भिंतीवर चढला. त्यावरची बाकीची फळं आम्ही कोवळीच खाल्ली, आणि सगळ्यांत देखणं वहिनीने बियाण्यासाठी राखून ठेवलं.

बियाण्याचं फळ राखायची आमच्याकडे रीत आहे. देठाशी चिंधी बांधायची. चिंधी बांधली की त्या फळाला घरचं, दारचं, पाहुणं, कुणीही हात लावायचा नाही. ते वेलावरच पिकायचं, वाळायचं, आणि मग त्याचं बी काढायचं. वहिनीने माझ्या जुन्या बनियनची पट्टी फाडली, चांगली रुंद, आणि देठाभोवती गुंडाळली.

"बाबल्या, ह्या तवशाक कोणी हात लावूचो नाय. ह्या बियाचा आसा."

"मला माहीत आहे गं वहिनी. मी काय पुण्याचा आहे?"

"मी ऐकतेय," आतून अनघा म्हणाली.

आता पाटणकर. पाटणकर मूळचे नाशिकचे, फायनान्समध्ये आहेत, आणि दोहात घरी भाजी लावणाऱ्या मराठी लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवतात. रोज सकाळी त्यांच्या बाल्कनीतली एक भाजी ग्रुपवर प्रकट होते. दुधी टाकायचा तर शेजारी पाण्याची बाटली उभी करून, म्हणजे आकार कळावा. खाली लिहायचे, 'बघा आणि शिका.' मी त्या ग्रुपवर दोन वर्षांत एक शब्द लिहिलेला नव्हता. पण एका गुरुवारी त्यांनी मुळ्याशेजारी स्वतःचा मुलगा उभा केला, आणि मला काय झालं कोण जाणे!

शुक्रवारी सकाळी अनघा वहिनीला आणि आमच्या मुलीला, तन्वीला, घेऊन कांदे-बटाटे आणायला मार्केटला गेली. घरात मी एकटा. मी फोन घेऊन अंगणात गेलो. आमचं तवसं पाटणकरांच्या दुधीपेक्षा मोठं होतं, पण भिंतीवर लोंबताना ते फोटोत मोठं दिसेना. शेजारी काहीतरी ठेवायला हवं होतं. मी आत गेलो आणि माझं साइटचं पांढरं हेल्मेट घेऊन आलो.

हेल्मेट ठेवायला जागा नव्हती. म्हणून मालकाची मोडकी खुर्ची ओढली, तिच्यावर हेल्मेट ठेवलं आणि तवसं जरासं, अगदी जरासं, उचलून हेल्मेटवर टेकवलं. खुर्चीला तीनच पाय धड होते. (मोडक्या खुर्चीवर वजन ठेवू नये, याचं पोस्टर मीच छापून घेतलंय.) खुर्ची कलली, हेल्मेट घरंगळलं, तवसं हेल्मेटबरोबर गेलं, आणि देठाशी आवाज झाला.

कट्.

हेल्मेटला ओरखडासुद्धा आला नाही. फार चांगल्या प्रतीचं हेल्मेट होतं.

तवसं खडीवर आपटून मधोमध तडकलं होतं. आत बघितलं. बिया अजून मऊ, दुधाळ. अशा बियांचं काही उगवत नाही, हे मला वहिनीनेच शिकवलं होतं. तरी चार बिया उचलून मी टिश्यूपेपरवर वाळत ठेवल्या. त्या पुढे कागदासारख्या चपट्या झाल्या.

त्या क्षणी करण्यासारखी गोष्ट एकच होती. ती मी रोज सकाळी लोकांना सांगतो. मी दुसरीच केली. तवसं पिशवीत घातलं, खडी सारखी केली, खुर्ची भिंतीला लावली आणि गाडी काढली.

लुसैलच्या अलीकडे एका रिकाम्या प्लॉटशेजारी गाडी उभी केली तेव्हा लक्षात आलं की मला ते फेकता येत नाहीये. कचऱ्याचा डबा समोर होता. दोनदा उतरलो, दोनदा परत येऊन बसलो. वहिनीच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला अन्न टाकता येत नाही. खोटं बोलायची हिंमत होती, तवसं टाकायची नव्हती! शेवटी साइटच्या बॅगेतला कटर काढला (हातमोजे न घालता) आणि तिथेच, स्टिअरिंगमागे बसून, ते कापून खायला लागलो. मीठ नाही, तिखट नाही. हातभर तवसं.

अर्धं संपलं असेल नसेल, काचेवर टकटक झाली. पोलीस. तरुण पोरगा, गंभीर चेहरा. मी काच खाली केली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मांडीवरच्या सालींकडे पाहिलं, कटरकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"एव्हरीथिंग ओके?"

"ओके, सर. सलाद."

"ऑल धिस? यू वन पर्सन?"

मी एक मोठी फोड पुढे केली. दुसरं काय करणार? त्याने ती घेतली, खाल्ली, थोडा विचार केला.

"गुड," तो म्हणाला. "शुक्रन. नाऊ यल्ला, नो पार्किंग."

वहिनीच्या सासूच्या सासूचं तवसं जगात शेवटचं खाल्लं ते आम्ही दोघांनी. त्याला निदान चव लागली. मी आठवायला बसलो तर मला त्याचं 'गुड' तेवढं आठवतं.

तिथून थेट एशियन टाउनचा बाजार. केरळच्या भाजीवाल्याकडे पिवळ्या काकड्या असतात, सांबारात घालतात त्या. त्यांना ते वेल्लरी म्हणतात. दिसायला आमच्या पिकत्या तवशाच्या चुलत बहिणी. पडण्याआधी काढलेला एक फोटो माझ्या फोनमध्ये होता. मी एकेक वेल्लरी उचलून फोटोशेजारी धरून बघू लागलो. विमानतळावर पासपोर्ट आणि तोंड जुळवतात तसं.

भाजीवाला बराच वेळ बघत होता. मग हळूच म्हणाला, "सेठ, कोई खो गया क्या?"

"इससे थोडा हरा है?"

"हरा? सब लोग पीला माँगता है."

"थोडा लंबा?"

"सेठ, ये काकडी है. आप ऑर्डर देकर नहीं बना सकते."

पेटीच्या तळाशी एक सापडली. साधारण हिरवट, साधारण लांब. घरी पोचलो तेव्हा मंडळी अजून आलेली नव्हती. अनघाच्या शिवणाच्या डब्यातला हिरवा दोरा घेतला, वेल्लरीचा देठ वेलाला बांधला आणि वर बनियनची चिंधी गुंडाळली. सांधा दिसेना! ज्या चिंधीने जगाला सांगायचं की हात लावू नका, तिनेच माझा हात झाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी वेलाकडे गेली ती तिथेच उभी राहिली. मी दात घासत खिडकीशी.

"बाबल्या! ह्या एका रात्रीत पिवळा झाला?"

"इथलं ऊन, वहिनी."

"जानेवारीत?"

"वाळवंटातलं ऊन वेगळं."

तिने पदर खोचला, वीत ताणली आणि तवसं मोजलं. पुन्हा मोजलं.

"आणि आखूड कित्याक झाला?"

"आटलं असेल. हवेत ओलावा नाही ना."

"आटला? तवसा काय कपडो आसा आटूक?"

मी तोंडातला फेस न थुंकता बाष्पीभवनावर बोललो. तापमान, दाब, सापेक्ष आर्द्रता. एरवी दिवसभरात जेवढं बोलतो तेवढं एका दमात. वहिनी ऐकत राहिली, आणि मग तिने जे म्हटलं ते मला त्या दिवसापासून जेवताना आठवतं.

"असात बाबा. तू इंजिनेर. तुका शिकवलंव तो कित्याक?"

माझ्या फीसाठी तिच्या हातातल्या पाटल्या गेल्या होत्या. ते तिने कधी बोलून दाखवलं नाही, तेव्हाही नाही.

पुढे सगळं रीतसर झालं. वेल वाळला, 'तवसं' पिकलं. वहिनीने चिंधी सोडली तेव्हा दोरा आधीच काढून घेण्याइतका मी सावध होतो. बिया टणक, भरलेल्या निघाल्या. तिने त्या राखेत घोळवल्या, वाळवल्या आणि पुड्या बांधल्या. मला वाटलं होतं, आपल्यापुरतं निभावलं. पण वहिनी परत जाण्याआधी पाटणकरांच्या घरी हळदीकुंकवाला गेली आणि तिथे आलेल्या प्रत्येक बाईच्या ओटीत तिने एकेक पुडी घातली.

"घरचा बी आसा. जपा. गावात आता ह्या उरला नाय."

अनघाने घरी आल्यावर हे सांगितलं तेव्हा मी पाणी पीत होतो. ठसका लागला.

"अरे हळू! काय झालं?"

"काही नाही."

"तुझं नेहमी काही नाहीच असतं," ती म्हणाली. तिची माझ्याबद्दल इतक्या वर्षांची ही एकच तक्रार, आणि ती बरोबर आहे.

गेल्या हिवाळ्यात ते बी दोहाभर उगवलं. आणि काय उगवलं! लुसैलच्या टॉवरातल्या बाल्कनीत उगवलं, गच्चीवर उगवलं, एका आयटीतल्या पोराच्या बाथरूमच्या खिडकीत उगवलं. ग्रुपवर रोज फोटो. 'वहिनींचं तवसं, दिवस पंधरावा.' 'वहिनींचं तवसं, पहिलं फूल.' पाटणकरांनी तर शेजारी ठेवायची बाटली बदलून मोठी घेतली. मी रात्रंदिवस देवाला विनवत होतो की उंदीर, मावा, बुरशी, काहीतरी धाड. वाळवंटात बुरशीसुद्धा वेळेवर येत नाही.

मग पाटणकरांनी जाहीर केलं: सगळ्यांनी आपापल्या बागेतली भाजी शिजवून आणायची आणि एका शुक्रवारी एकत्र जेवायचं. नाव ठेवलं, 'बागेतून पानात'. जागा, अर्थातच, जिथून बी आलं ते घर. आमचं अंगण. मानाचा पदार्थ, वहिनीच्या हातची तवसोळी.

त्या दिवशी अंगणात सतरंज्या पडल्या. लाल माठ आला, मुळ्याची किसून भाजी आली, वालाची उसळ आली, अळूचं फदफदं आलं. केळीची पानं मांडली. (ती दुकानातून आणली होती. त्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही.) लीलाम्मालाही वरून बोलावलं होतं. वहिनीने पहाटेपासून पिवळी फळं किसली होती, हळदीची पानं घालून तवसोळी भाजली होती. घरभर गुळाचा वास. तिने सुरीने कोपरा कापला, तळहातावर घेतला, चाखला आणि डोळे मिटले.

मी त्या पापण्यांकडे बघत होतो. आचाऱ्यासारखा.

डोळे उघडले. तिने आणखी एक कोपरा कापला, पुन्हा चाखला. मग ताट उचलून बाहेर गेली.

बाहेर नुसता जल्लोष!

"वा! वहिनी, ही खरी कोकणची चव!" पाटणकर. (पाटणकरांनी त्याआधी तवसोळी खाल्लेली नव्हती.)

"मला तर आजीची आठवण आली," आयटीवाला पोरगा म्हणाला. त्याची आजी नागपूरची.

तन्वीने दोन तुकडे उचलले. "काकी, धिस इज सो गुड!"

अनघा म्हणाली, "मला पहिल्यांदाच फरक कळला बघ." मी जमिनीकडे बघितलं.

लीलाम्माने मात्र घास तोंडात घोळवला, वेलाखाली खत म्हणून टाकलेली एक साल उलटीपालटी करून पाहिली आणि हसून इंग्रजीत म्हणाली, "अहो, हे तर आमचं वेल्लरी! विषूला, म्हणजे आमच्या नववर्षाला, देवापुढे मांडतो ते. हे कोकणातलं नाही, आमच्याकडचं आहे."

"मॅडम, इम्पॉसिबल!" पाटणकर उसळले. "धिस इज सिंधुदुर्ग सीड. सेव्हन जनरेशन्स!" आणि ग्रुपवरचे फोटो दाखवायला फोन आणतो म्हणून आत धावले.

वहिनीला इंग्रजी येत नाही. खुर्चीत बसून ती दोघांकडे बघत होती. (मालकाचीच खुर्ची. मी पाय दुरुस्त करून घेतला होता.) तिने माझी बाही ओढली.

"बाबल्या, ती काय म्हणता? कित्याक झगडतत?"

लीलाम्मा माझ्याकडे बघून हसत होती. तिला वाटलं, मी आता तिचं बोलणं वहिनीला सांगणार. वहिनीचा चेहरा माझ्याकडे वर झालेला. आतापर्यंतचं सगळं घाबरून, गडबडीत झालं होतं असं म्हणता आलं असतं. इथे घाई नव्हती. मला पुरता वेळ होता.

मी वहिनीच्या कानाशी वाकून म्हणालो, "झगडत नाहीत गं. लीलाम्मा म्हणतेय, असं तवसं तिने जन्मात खाल्लं नव्हतं."

वहिनीने माझी बाही सोडली.

"तिकाय आवडला?"

"खूप."

ती हळूच हसली, आणि मला ऐकू येईल एवढंच बोलली. "मगे माझीच जीभ गेली रे. माका वाटला, ह्या आपला तवसाच न्हय. वास नाय, ती गोडी नाय. पण सगळी म्हणतत, परकी बाय म्हणता. म्हंजे माझाच सपला."

"नाही वहिनी. तुझी जीभ बरोबर असेल."

"माझी समजूत घालू नको. वय झाला. आवशीचीही अशीच गेलली."

त्यानंतर ती परत जाईपर्यंत हेच चाललं: वहिनी चाखत नाही. भाजी शिजवते आणि डाव अनघाच्या पुढे धरते. "मीठ बघ गो. माका आता कळणा नाय." अनघा मनापासून बघते, आणि अनघा पुण्याची आहे. आमच्या घरात वालाच्या उसळीत साखर असते, अळवात साखर असते, आणि एकदा बांगड्याच्या कढीतसुद्धा होती. वहिनी पान साफ करते. "बरा झाला," म्हणते. जिने कालचं खोबरं ओळखून आचारी परत पाठवले, ती माझ्यासमोर बसून गोड कढी ओरपते, आणि मी शेजारी बसून भात कालवतो.

सांगायचा प्रयत्न मी केला. ती परत जाताना विमानतळावर म्हणालो, "वहिनी, एक सांगायचं होतं. त्या तवशाचं."

"ठावक आसा माका," ती म्हणाली.

मी ट्रॉली ढकलायची थांबवली.

"बी वरच्या फळीवर डब्यात ठेवलंय. दसऱ्यानंतर पेर. मी इलंय की बघूया."

"हो," मी म्हणालो.

गेलं वर्षभर मी त्या तवशाचं मूळ बी शोधतोय. चुलतभावाला जीप हलवायला लावून परड्यातली माती उकरायला सांगितली. त्याने कुडाळच्या बाजारातून एक तवसं विकत घेऊन पाठवलं आणि वर लिहिलं, 'खोदण्यापरास ह्या सोपा.' आमच्या घराण्याचं वळण हे असं आहे. खरं बी आता मिळायचं नाही. ते मी आणि एका पोलिसाने संपवलं.

साइटवर परवा एका पोराने येऊन कबूल केलं की त्याच्या हातून पाना पडला, कुणाला लागला नाही. मी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली आणि त्याला टाळ्या मिळवून दिल्या. मग केबिनमध्ये जाऊन दार लावून बसलो.

आता दसरा जवळ आलाय. वहिनी येईल. हे लिहिलेलं तोपर्यंत छापून झालं तर आधी पाटणकर वाचतील, मग सगळा ग्रुप वाचेल. एका बाईला एक गोष्ट तोंडाने सांगता येत नाही म्हणून ती सगळ्या महाराष्ट्राला लिहून कळवणारा सेफ्टी मॅनेजर मी एकटाच असेन.

तवसं मी वहिनीला परत देऊ शकत नाही. लीलाम्मा त्या दुपारी जे बोलली, ते जसंच्या तसं मराठीत करून वहिनीला सांगायचं माझ्याकडे राहिलं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.